जिचं अंग, तिनं यावं

शिलाईच्या दुकानात दोन गोष्टी कितीही झाडा, संपत नाहीत. एक चिंध्या, दुसरे किस्से. चिंध्या तरी गादीवाला पोत्यात भरून घेऊन जातो. किस्से कोण नेणार? ते आमच्याच डोक्यात साठतात. दुपारी लाइट गेली, मशिनी थांबल्या, की कुणीतरी म्हणतं, "अगं सुनंदा, तो उपरण्याचा सांग ना!" झालं. मग कामाचे बारा वाजतात.

मी प्रमिलाअक्कांच्या दुकानात हुक लावायला लागले तेव्हा माझी पोरगी बालवाडीत जायची. आता तिची पोरगी जाते. एवढ्या काळात डोळ्यांनी पाहिलं तेच सांगते. ऐकीव एकच आहे, आणि तो अक्कांनी स्वतः सांगितलेला. तिखटमीठ लावायची मला गरज नाही. अक्का मुळातच ठेच्यासारख्या!

*

ऐकीव आधी सांगून टाकते.

आज अक्कांना पेपरवाले 'खान्देशातली पहिली फॅशन डिझायनर' म्हणतात. सुरतेहून, पुण्याहून गाड्या येतात. पण अक्का मूळच्या चोपड्याकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. लग्न ठरलं तेव्हा सासरकडून शालू आला आणि ब्लाऊज शिवूनच आलं. कुणाच्या मापानं? जावेच्या! सासूबाईंचा हिशोब सोपा होता. "पोरगी अंगानं तेवढीच असेल."

मंगलाष्टकं झाली, अंतरपाट सरला. अक्कांनी हार घालायला हात वर केले, आणि टर्रर्र! अख्ख्या मांडवाला ऐकू गेलं. पुढचं सगळं लग्न त्यांनी अंगावर शाल घेऊन पार पाडलं. वैशाखात! चोपड्यात!

एक मावशी तिथेच डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "अपशकुन झाला गं बाई."

नवरी शालीतून म्हणाली, "अपशकुन कसला? मुंढा लहान होता!"

मुंढा म्हणजे बाही जिथे खांद्याला जोडतात ती जागा. ती चुकली की बाईचा हात खालीच राहतो. अक्का म्हणतात, "डिझायनर-बिझायनर मी काही नाही. बाईला हात वर करता आला पाहिजे, एवढंच माझं डिझाइन."

*

त्या लग्नाचा राग अक्कांनी दुकानाच्या पाटीवर लिहून ठेवला आहे. 'मापाचं ब्लाऊज घेतलं जाणार नाही. जिचं अंग, तिनं यावं.'

तुम्ही शहरातल्या पोरी हसाल. पण आमच्याकडे बाई कुठे शिंप्याकडे जायची? तिचं एखादं जुनं ब्लाऊज पिशवीत जायचं. नवरा नाहीतर दीर, नाहीतर सासरा गावाला चाललाच असेल तर खत-बियाण्याबरोबर तेही काम करून यायचा. गळा किती खोल, बाही किती लांब, हे सगळं तोच सांगायचा. बाई बाळंतपणात दुप्पट होवो की आजारपणात अर्धी होवो, माप तेच.

अक्कांनी ते बंद केलं. बाईनं स्वतः यायचं. सोबत आलेल्यांनी बाहेर बाकड्यावर बसायचं, मग तो नवरा असो की सासू. आणि माप झालं की अक्का टेप गळ्यात अडकवतात आणि विचारतात, "आता सांग, तुला काय पाहिजे?" विचारतात आणि गप्प बसतात. समोरची बोलेपर्यंत काही म्हणजे काही बोलत नाहीत.

हा प्रश्न फार वाईट. मला विचारला तेव्हा मी गिऱ्हाईक म्हणून आले होते, धुळ्याहून नवीनच जळगावात आलेली. नवरा बाहेर बाकड्यावर पाय हलवत होता. अक्कांनी विचारलं, "तुला काय पाहिजे?"

मी म्हटलं, "थांबा, यांना विचारून येते."

अक्का म्हणाल्या, "का? ते घालणार आहेत?"

मला इतकं रडू आलं, की काय सांगू! कपड्यावरून नाही आलं. एवढ्या वर्षांत मला कुणी काही विचारलंच नव्हतं, ते तेव्हा कळलं. अक्कांनी मला रडू दिलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "बरं, आता सांग."

मी म्हटलं, "पिवळं. आणि मला इथे काम पाहिजे."

दोन्ही मिळालं.

*

आता उपरण्याचा.

अक्कांनी पहिल्यांदा बिनबाह्यांचं ब्लाऊज शिवून काचेतल्या पुतळ्याला घातलं, तेव्हा बाजारात केवढा गहजब! जळगावचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. पत्र्यावर पापड भाजून निघतील असं ऊन. पुरुष बनियनवर ओट्यावर बसतात, त्याला कुणी संस्कृती बुडाली म्हणत नाही. बाईचा दंड दिसला की लगेच बुडते!

गल्लीतले एक नाना होते. सगळ्या मंडळांचे अध्यक्ष. ते तरातरा आत आले, गळ्यातलं जरीकाठाचं उपरणं काढलं, पुतळ्याच्या खांद्यांवर नीट पांघरलं आणि म्हणाले, "आयाबहिणींचा बाजार आहे हा. हे असंच राहू द्या!"

अक्का म्हणाल्या, "बरं नाना."

आम्ही चकितच. अक्का आणि बरं?

दुसऱ्या दिवशी काचेत पुतळा तोच, अंगात नवं ब्लाऊज. बिनबाह्यांचं, गळ्याला अन् पाठीला झकास जरीकाठ. नानांच्या उपरण्याचं! अर्धा बाजार काचेला नाक लावून उभा. नाना घरातून चार दिवस बाहेर पडले नाहीत.

पाचव्या दिवशी नानांची बायको आली. एकटी. पदर सावरत आत शिरली, पुतळ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "ते माझ्या मापाचं करून द्या. कापड आमच्याच घरचं आहे."

*

सगळ्यांनाच असं लवकर कळत नाही. चोपड्याकडचे एक आबा होते, केळीचे मोठे बागायतदार. पोटही बागायतदारालाच शोभेल असं. ते पिशवी घेऊन आले आणि टेबलावर उलटी केली. सुनांची ब्लाऊजं धडाधड पडली.

अक्कांनी विचारलं, "सुना कोठे शेतस, आबा?"

"सुना घर शेतस. त्यास्नं काय काम आठे?"

अक्का आमच्याशी साधं बोलतात, पण तिकडचा माणूस आला की जिभेवर अहिराणी येते, 'आहेत'चं 'शेतस' होतं, 'इथे'चं 'आठे'. म्हणाल्या, "मंग त्या काय कापूसन्या गोण्या शेतस?"

आबा काही ऐकेनात. शेवटी अक्का हसल्या. "बरं आबा, आधी तुम्हाला एक सदरा शिवून देते, माझ्याकडून भेट. माप मात्र तुमच्या मोठ्या पोराचं घेते. एकाच घरातले तर आहात!" पोरगा बाहेर गाडीत होता, उसाच्या कांडासारखा सडपातळ. आबा खूश. फुकटचा सदरा कुणाला नको?

पुढच्या बाजाराला आबा आले, सदरा घालून बघायला पडद्याआड गेले. बराच वेळ नुसती धडपड. मग आतून घुसमटलेला आवाज आला, "व माय! काढ व, काढ हाई!" पडदा सारला तर आबांचे दोन्ही हात वर, डोकं सदऱ्याच्या आत, आणि पोट तेवढं बाहेर. आम्ही तोंडात ओढणी कोंबली.

अक्का कात्री घेऊन शेजारी उभ्या राहिल्या. कापायची घाई नाही. म्हणाल्या, "आबा, तुमचा एवढ्यात जीव गेला. सुनांना किती वर्षं असं अडकवलंय?"

पुढच्या बाजाराला केळीचा पिकअप दुकानासमोर थांबला. मागे केळीची पानं अंथरलेली आणि त्यावर सगळ्या सुना, नटूनथटून. आबा ओरडले, "बठ्ठ्या उतरा व, बठ्ठ्या!" आणि स्वतः गुपचूप बाकड्यावर जाऊन बसले. तेवढ्यात कुणीतरी माणूस दुकानात शिरायला लागला तर आबांनीच त्याचा दंड धरला. "ओ भाऊ, कुठे चालले? बाया माप देत आहेत. बसा इथं!"

*

शिकलेल्यांची तऱ्हा वेगळी. दीपनगर कॉलनीतल्या एका साहेबांच्या बायकोनं ड्रायव्हरबरोबर कापड पाठवलं. निरोप असा, की मॅडम बिझी आहेत, माप व्हॉट्सअॅप केलंय.

अक्कांनी कापडाची घडी न मोडता परत दिली. "मॅडमना सांग, ड्रेसही व्हॉट्सअॅपच करते."

संध्याकाळी मॅडम भांडायला आल्या. भांडता भांडता माप दिलं. मग "तुला काय पाहिजे"ला अडकल्या. एवढं इंग्रजी बोलणारी बाई, पण घाम फुटला! शेवटी म्हणाल्या, "मला सायकल चालवायची आहे, आणि साहेबांना ते आवडत नाही."

अक्का म्हणाल्या, "साहेबांचं माप मी घेतलंच नाही."

*

आणि रावेरच्या बाया! त्यांना बोलवावं लागलं नाही. केळीच्या पॅकिंगवर काम करणाऱ्या, आपणहून टेम्पोत बसून आल्या. अंगात साडी, वर नवऱ्याचा जुना शर्ट. केळीचा चीक तुम्हाला माहीत आहे ना? लागला तेव्हा पाणी दिसतो, वाळला की काळाकुट्ट डाग. साबण लावा, लिंबू लावा, जात नाही म्हणजे नाही. बाईची एकेक साडी अशी वाया जायची.

त्यातली एक म्हणाली, "अक्का, डाग पडणार नाही असं काही शिवा."

अक्का रात्रंदिवस तेच घेऊन बसल्या. मग एक दिवस रावेरहून चिकाची बादलीच मागवली! आम्हाला वाटलं, गेलं डोकं कामातून. तर त्यांनी पांढऱ्या जाड कापडाचे गुडघ्यापर्यंतचे झगे आणि सैल विजारी शिवल्या आणि सगळ्यांवर चीक शिंपडला. थेंब थेंब, फराटे, ठिपके. वाळल्यावर काय नक्षी उठली! "डाग पडणारच आहे ना?" अक्का म्हणाल्या. "मग आपल्या हातानं पाडू. नवा पडेल तो नक्षीत जाईल."

तेच झगे आज पुण्यातल्या बाया हौसेनं घालतात. पण पहिले घातले ते रावेरच्या पॅकिंगवाल्यांनी. त्यांचा मुकादम फणफणत आला. "बायकांना विजारी घातल्या! गड्यांसारख्या दिसतात!"

त्यांच्यातलीच एक, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मग मजुरीही गड्याची दे!"

*

आता जरा वर बघा. म्हणजे आमच्या दुकानाच्या वर.

इमारत पारसशेठची. सरकी-ढेपेचा मोठा व्यापार, घराणं मूळ राजस्थानचं, पिढ्यान्‌पिढ्या जळगावात. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. कधी आवाज चढवून बोलले नाहीत. खाली आमचं दुकान, वर त्यांचं घर. घरात त्यांची आई, जिला सगळे माँसा म्हणतात, आणि शेठची बायको किरणभाभी. पण या दोघी कधी पायी रस्त्यावर दिसायच्या नाहीत. देवळात जायचं तर गाडी जिन्याला लावायची आणि लगेच काच वर. मग घरात हवं-नको ते कसं? गॅलरीतून दोरी! दोरीला पिशवी. खाली भाजीवाला भाजी टाकणार, वर भाभी ओढून घेणार.

त्याच दोरीनं अधूनमधून मापाचं ब्लाऊजही खाली यायचं. आमच्या डोक्यावरून, आमच्या दारात, लोंबकळत! अक्का ते घडी करून परत पिशवीत ठेवायच्या आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडायच्या, "माँसा, ब्लाऊज येऊन गेलं! आता तुम्ही या!"

वर पडद्याआड कुणीतरी हसायचं. पिशवी वर जायची. काही महिन्यांनी परत खाली. आमची एक पोरगी म्हणायची, "अक्का, बिचारं ब्लाऊज तरी फिरून येतं."

*

दोरीचं काय झालं ते सांगण्याआधी कानबाईचा ऐका, कारण एकातून एक निघालं.

गेल्या श्रावणात धुळ्याकडच्या एका गावातून एका घराण्यातले भाऊबंद आले. कानबाई म्हणजे आमच्या खान्देशातली घराघरातली देवी. श्रावणात एका दिवसासाठी बसते. नारळाचं मुख, त्याला डोळे, नथ, साडी, दागिने. सगळं भाऊबंदकीचं गोत त्या दिवशी एकत्र येतं, रोटांचा नैवेद्य होतो. त्यांना यंदा देवीला शिवलेला घागरा घालायचा होता. एकानं हातानंच दाखवलं, "नारळ एवढा असतो. उंची एवढी धरा."

अक्कांनी पाटीकडे बोट केलं. "जिला घालायचं तिनं यावं."

"अहो अक्का, देवी कशी येईल?"

"खरंच की. मग मीच येते."

मी बरोबर होते, तिथल्या तिथे शिवून द्यायला हातमशीनही नेली होती. घर पाहुण्यांनी भरलेलं, कानबाई मांडलेली. अक्कांनी टेप काढला आणि दुसरं टोक धरायला माणूस शोधू लागल्या. मी पुढे झाले तर मला डोळ्यांनीच थांबवलं. दाराच्या चौकटीला टेकून एक तरुण बाई उभी होती, रेखा. घरातलीच सून. नवरा जाऊन वर्ष झालेलं. चौकटीच्या आत पाऊल टाकत नव्हती.

"तू ये. टोक धर," अक्का म्हणाल्या.

एक आत्याबाई पुटपुटल्या, "ती नको. दुसरी कोणी धरेल."

"का?"

आता का ते तोंडानं कोण म्हणणार? सगळ्या खाली बघायला लागल्या. अक्का वळल्या आणि कानबाईलाच म्हणाल्या, "काय गं माय, चालेल ना?" म्हणाल्या आणि गप्प बसल्या. प्रत्येक बाईपुढे बसतात तशाच. घरात चुलीवरच्या खिरीचा रटरट आवाज तेवढा येत होता.

मग अक्का सहज म्हणाल्या, "नाही म्हणाली नाही. धर गं."

रेखा आत आली. तिनं टेपचं टोक धरलं. माझ्या डोळ्यांपुढे टेपचे आकडे पुसट झाले, ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. रेखा आता आमच्याकडे काजं करते. हात असा बारीक, की टाका दिसत नाही.

*

ही गोष्ट जळगावभर झाली आणि वर पारसशेठपर्यंत पोचली. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, आखाजीनंतरचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरचा मुहूर्त. घरातल्या बायकांचे सगळे कपडे अक्कांनीच शिवायला हवे होते, नाव जे झालंय! शेठ स्वतः खाली आले, हात जोडून बसले. "अक्का, घरचं कार्य आहे. मापं दोरीनं पाठवतो."

"शेठ, पाटी वाचा."

"मग तुम्ही वर या. कानबाईकडे गेलात ना? आमच्याकडे तर एक जिना आहे!"

अक्का म्हणाल्या, "कानबाईला पाय नाहीत, शेठ. माँसाला आहेत."

शेठचा चेहरा उतरला. ओरडले नाहीत. उठताना एवढंच म्हणाले, "आमच्या घरच्या बायका दुकानात येत नाहीत. ही आमची रीत. जागेचं ॲग्रीमेंट आखाजीला संपतंय. दोन्हींपैकी एक सांभाळा, पाटी नाहीतर जागा."

आता सांगा, भर बाजारातली एवढी जागा परत कुठे मिळणार? रेखाचं घर याच दुकानावर, माझं याच दुकानावर. आम्ही सगळ्यांनी अक्कांना विनवलं. मी तर भांडले. "एवढी एकच वेळ! चार ब्लाऊजं शिवली तर काय आभाळ कोसळेल?"

"नानांनी उपरणं टाकलं तेव्हा मी खाली मान घातली असती, तर तू आज कुठे असतीस सुनंदा?"

पण अक्कांना धसका बसला नव्हता असं समजू नका. त्या दिवशी त्यांनी एका ड्रेसच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या! अक्कांनी! रेखानं गुपचूप नवीन कापड आणून ठेवलं.

आखाजी जवळ आली. माहेरवाशिणी गावोगाव यायला लागल्या, झाडांना झोके बांधले गेले. आम्ही मात्र मशिनी पोत्यांत गुंडाळत होतो. पाटीपाशी अक्का स्टुलावर चढल्या, हात लावला आणि उतरल्या. म्हणाल्या, "ही सगळ्यात शेवटी."

*

आणि हा शेवटचा. याच आखाजीच्या आदल्या दिवसाचा.

दुपारी पारसशेठ आले. कपाळावर घाम, बोलणं अजूनही गोड. "अक्का, अजून विचार करा. मलाही बरं वाटत नाही हो. तुम्ही गेलात तर घरचे लोकही मला…" वाक्य पुरं झालं नाही.

बाहेर जिन्यावर काठी वाजली. टक. थांबली. परत टक. जिना आमच्या दाराशीच उतरतो. भाजीवाल्यानं तराजू धरलेला तसाच धरून ठेवला. पानवाला टपरीतून अर्धा बाहेर आला. टक. टक. मग पायरीवर पांढरी साडी दिसली, चेहऱ्यावर हनुवटीपर्यंत पदर, आणि काठीवरचा सुरकुतलेला हात.

माँसा.

शेठ उठलेच. "माँसा! तुम्ही? खाली? काही हवं होतं तर दोरीनं…"

माँसांनी दम घेतला. पदर कपाळापर्यंत मागे सारला आणि मुलाकडे पाहिलं. "तू इथे कसा? बायकांचं माप चालतं इथे. बाहेर बाकड्यावर बस."

आणि शेठ बसले! स्वतःच्या इमारतीत, आमच्या बाकड्यावर, चपला जुळवून.

अक्कांनी पोत्यातून टेप काढला. खांदा घेतला, दंड घेतला, मुंढा घेतला. मग टेप गळ्यात अडकवला आणि विचारलं, "माँसा, तुम्हाला काय पाहिजे?"

आणि गप्प बसल्या.

माँसांनी दुकानभर नजर फिरवली. बांधलेल्या मशिनी पाहिल्या, काढायची राहिलेली पाटी पाहिली. मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं. म्हणाल्या, "पायात येणार नाही असं काहीतरी. ही साडी जिन्यात फार अडकते, आणि मला आता रोज उतरायचंय."

रेखानं मशिनीवरचं पोतं ओढून काढलं.

माँसा काठी टेकत दारात गेल्या, मान वर केली आणि सुनेला हाक मारली, "बींदणी! ती दोरी सोडून टाक. आणि तू पण ये खाली, माप द्यायला."

वर खडखड झाली. दोरी, पिशवी, सगळं आमच्या दारात येऊन पडलं.

बाकड्यावरून पारसशेठ हळूच म्हणाले, "पण माँसा, दोरी नाही तर भाजी वर कशी जायची?"

माँसांनी पिशवी काठीनं त्यांच्याकडे सरकवली. "तू रिकामाच बसलायस ना? घेऊन जा."